पाचाच्या जागी चार

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी घरात एकटाच मोठ्यानं हसलो. नाताळ अंकासाठी त्यांना माझ्याकडून ‘चांगला पती : पवित्र शास्त्राची शिकवण’ या विषयावर लेख हवा होता. कर्जत-खालापूर भागात तुम्ही तीस वर्षं उपदेशक होता, कितीतरी जोडपी तुमच्या हाताखालून गेली, तेव्हा तुमच्याइतका अधिकार कुणाचा, असं त्यांनी लिहिलं होतं. हाताखालून गेली हे खरं. त्यांतलं एक हातातून गेलं. अधिकाराचं म्हणाल, तर ज्याचं घर जळलं त्याला आगीविषयी जेवढा अधिकार असतो तेवढाच मला या विषयात आहे. आणि काडीही मीच ओढली होती.

बाहेरच्यांसाठी आधी सांगून टाकतो. उपदेशक म्हणजे पाळक नव्हे. पाळकाला दीक्षा असते, झगा असतो, लग्न लावायचा हक्क असतो. आमचे पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे, आशीर्वाद द्यायचे, जेवायचे आणि जायचे. मधले दिवस माझे. कर्जतला रेल्वेच्या वसाहतीमागं दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत रविवारी उपासना व्हायची, आतल्या खोलीत आमचा संसार. मंडळी म्हणाल तर तीसेक घरं. बहुतेक नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेली. कुणी रेल्वेत, कुणी खोपोलीच्या कारखान्यात, एखादी नर्स, दोन शाळामास्तर. कुणी आजारी पडलं तर प्रार्थना करायची, भांडण झालं तर समेट घडवायचा, लग्न ठरलं तर तीन रविवार उपासनेत दोघांची नावं जाहीर वाचायची आणि नवरदेवाला चार पाठ द्यायचे. उरलेल्या वेळात सायकलला पत्र्याची पेटी बांधून बाजार गाठायचे आणि शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकायच्या.

विकण्यात मी मोठा पटाईत, असा माझा समज. कशेळ्याच्या बाजारात एका वाण्यानं एकदम बारा पुस्तिका घेतल्या. मी आनंदानं वेडा झालो, घरी येऊन बायकोला म्हणालो, बघ, कशेळे उघडलं. पुढच्या खेपेला त्याच दुकानातून हळद घेतली. पुडी सोडून बघतो तर घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं पान. पोर हळदीनं माखून बापाच्या घरी परत आलं होतं.

त्याच बाजारात माझ्या पेटीशेजारी एक ठाकर म्हातारी रानभाजी घेऊन बसायची. एकदा तिनं मला विचारलं, “तुझ्या पोथीत बायलीला मारू नको असं लिवलंय काय रं?”

मला काय, निमित्तच हवं असतं. मी पाऊण तास बोललो. देवानं आदामाच्या फासळीतून हव्वा कशी घडवली, डोक्यातून नाही की पायातून नाही, बरगडीतून, म्हणजे हृदयाजवळून. दोघं एकदेह कसे होतात, सगळं सांगितलं. म्हातारी भाजीच्या जुड्या बांधत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “माझ्या लेकीला मारली, ती दुसऱ्या दिशी माझ्या घरात. तिला कुनी परत न्हेऊन घातली नाय. येवढंच इचारत व्हते.”

घरी येऊन मी हा किस्सा सुलोचनाला रंगवून सांगितला. सुलोचना म्हणजे माझी बायको. ती नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात शिकलेली. शास्त्राचे अध्यायच्या अध्याय तिला तोंडपाठ. नाव सुलोचना, आणि चष्मा मला. किस्सा ऐकून मी हसलो, ती हसली नाही. “एवढंच विचारत होती ना ती,” इतकंच म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आता पाठांविषयी. नवरदेवाला चांगला पती हो म्हणून सांगायचं, तर शास्त्रात नमुने शोधावे लागतात, आणि तिथं फार पंचाईत होते. आदामानं पहिल्याच फटक्याला सगळं बायकोवर ढकललं. अब्राहाम विश्वासणाऱ्यांचा बाप खरा, पण परमुलुखात जीव वाचवायला त्यानं बायकोला बहीण म्हणून सांगितलं, तेही दोनदा. याकोबानं राहेलीसाठी चौदा वर्षं राबून दाखवलं, तो जरा बरा, तरी त्याच्या घरात बायका चार. दावीद राजाचं तर आपण बोलूच नये. उरला मरीयेचा योसेफ. होणाऱ्या बायकोची चारचौघांत अब्रू जाऊ नये म्हणून जपला, देवदूतानं ऊठ म्हटल्यावर उठला, रातोरात तिला आणि बाळाला घेऊन परदेशी गेला. आणि सबंध शास्त्रात त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. हे वाक्य मी पाठात हमखास सांगायचो, लोक हमखास हसायचे. आपण काय सांगतोय ते मात्र मला कळायला फार वर्षं लागली.

खरी शिकवण नव्या करारातल्या पत्रांत आहे. पौल इफिसकरांना लिहितो त्यात आधी बायकांना सांगणं आहे आणि मग नवऱ्यांना. बाविसाव्या ओवीत बायकांना म्हटलंय, नवऱ्याच्या अधीन असा. चोविसाव्यात तेच पुन्हा, जास्त जोर देऊन : सर्व गोष्टींत. आणि पंचविसाव्यात नवऱ्याकडे वळून म्हटलंय की ख्रिस्तानं मंडळीवर जीव टाकला, तिच्यासाठी स्वतःला देऊन टाकलं, तशी तू बायकोवर प्रीती कर. म्हणजे बायकोनं ऐकायचं आणि नवऱ्यानं मरायचं. सौदा कुणाला जड आहे ते उघड आहे. म्हणूनच नवरे चोविसाव्या ओवीपाशी पुस्तक मिटतात.

मी म्हटलं, हे मिटणं बंद करू. लग्नात भेट द्यायला दोन कार्डं छापावीत, एक वधूला, एक वराला. भोवती द्राक्षवेलीची नक्षी, वर दोन पारवे, खाली नुसतं पत्राचं नाव आणि ओवीचा आकडा. वचन छापायचं नाही. यात माझी अक्कल अशी, की वचन छापलं तर माणूस भिंतीकडे बघतो, आकडा छापला तर त्याला पुस्तक उघडावं लागतं. ही युक्ती मी पाळकसाहेबांना ऐकवली, ते म्हणाले वा. खोपोलीच्या छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्या काकांना ऐकवली, तेही वा म्हणाले. प्रूफ हातात देताना काकांनी बजावलं होतं, “मास्तर, आमचे पाचाचे खिळे झिजलेत. आकडे नीट बघा.” मी तेव्हा त्यांना हळदीतल्या उधळ्या पुत्राची गोष्ट सांगत होतो. गोष्ट रंगात आली होती. मी हसत हसत सही ठोकली.

वधूच्या कार्डावर ५:२२ आलं, ते बरोबर होतं. वराच्या कार्डावर ५:२४ आलं.

दोनशे कार्डं. त्यातलं एक मी कौतुकानं आमच्याच घरात, उपासनेच्या खोलीत लावलं. सुलोचनानं स्टुलावर उभं राहून खिळा ठोकला.

नऊ वर्षं मी ती कार्डं वाटली. त्यातलं एक ठाकूरवाडीच्या दावीदला.

घाटातलं ठाकूरवाडी म्हणजे रेल्वेचा थांबा, गँगमनची छोटी चाळ आणि अलीकडे-पलीकडे जंगल. घाट उतरून येणारी प्रत्येक गाडी तिथं घटकाभर थांबते. ब्रेक तपासतात आणि मगच पुढं सोडतात. दावीद तिथं गँगमन. हातोडा खांद्यावर टाकून रुळावरून चालायचा, रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकायचा, पावसाळ्यात दरडीवर नजर ठेवायचा. उंच, दणकट, अबोल. वाचायला बेताचंच यायचं. आईबाप लहानपणीच गेलेले, घर म्हणजे काय ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं. लग्न ठरल्यावर लाजत लाजत म्हणाला, “मास्तर, मला काई येत न्हाई त्यातलं. तुमी सांगाल तसं करीन.” नवरदेव असं बोलतात, पण तो खरंच म्हणत होता.

चार पाठ द्यायला मी चार वेळा घाट चढलो. वर जाणारी पॅसेंजर मला सोडायची आणि दीडेक तासानं उतरणारी गाडी घेऊन जायची. पहिला पाठ लग्नाची स्थापना. दुसरा दारू आणि जुगार. तिसरा पत्नीची कर्तव्यं. चौथा पतीची. माझ्या बोलण्याला फाटे फार. दारूच्या पाठात मी तीन दारुड्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि त्यामुळे निम्मा पाठ पुढं ढकलला. पत्नीची कर्तव्यं चौथ्या दिवशी संपली. पतीची सुरू केली आणि वर बोगद्यातून शिट्टी ऐकू आली. मी पेटी उचलली आणि दावीदला म्हणालो, “पुढचं सगळं कार्डावर आहे. एकच ओवी आहे, पण त्यात सगळं आलं. कुणाकडून तरी वाचून घे आणि तसा वाग.”

धावत जाऊन गाडी पकडली. चारही पाठ पूर्ण, असं त्या महिन्याच्या वृत्तांतात लिहिलं.

वधू सगुणा, पाथर्डीकडची. बारीक चणीची, बोलायला चटपटीत. लग्नात पाळकसाहेबांनी नाव विचारलं तर म्हणाली, “सगुणा. गुणांचं पुढं कळंल.” सगळे हसले. दावीद सगळ्यांच्या मागून, उशिरा हसला.

पुढच्या वर्षी, लावणीच्या दिवसांत, ती एकटीच उतरत्या गाडीनं कर्जतला आली. नखशिखान्त भिजलेली, उजवा हात पदरात गुंडाळलेला. मनगट सुजून कोपरापर्यंत हिरवंनिळं. सुलोचनानं तिला आत नेलं, कोरडं लुगडं दिलं, हळद गरम करून लावली. आईकडे जायचंय, तिकिटापुरती सोय करा, एवढंच ती म्हणत होती.

मी समेटाच्या कामात वाकबगार होतो. खुर्ची ओढून समोर बसलो आणि सुरुवात केली, की संसारात भांड्याला भांडं लागतंच. तिनं मला मध्येच अडवलं.

“मास्तर, त्यांना लिवून तुमीच दिलंय ना?”

मला वाटलं, पाठांविषयी म्हणतेय. मी म्हणालो, “हो, मीच दिलंय. आणि त्यात आहे ते तुम्हा दोघांच्या भल्याचं आहे.”

तिनं माझ्याकडे बघितलं. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझा उपदेश लागू पडला असं मी समजलो.

सुलोचनानं मला आत बोलावलं. म्हणाली, “तिला आठ दिवस राहू द्या. अहो, तिला दिवस...” मी घड्याळ बघत होतो. वर जाणारी गाडी यायची होती. दुसऱ्याची बायको उपदेशकाच्या घरात राहिली की मंडळीत काय बोलतील, हा उपदेशक घरं जोडतो की मोडतो, पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तर काय, हे सगळं माझ्या डोक्यात. मी म्हणालो, “दिवस-बिवस काही नाही. जेवढे दिवस राहील तेवढं परत जाणं कठीण. आजच पोचवतो.” तिचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. दिवस गेलेत, हे तिला सांगायचं होतं. मी दिवस मोजायला बसलो.

सुलोचना स्टेशनावर पोचवायला आली. एरवी ती कधी येत नसे. मी तिकिटाच्या रांगेत असताना ती डब्याच्या खिडकीपाशी उभी राहून सगुणाशी हळू आवाजात बोलत होती, हातात भाकरीचं गाठोडं दिलं. मला बरं वाटलं. म्हटलं, बाईमाणसाची समजूत बाईमाणूस घालतंय.

ठाकूरवाडीला दावीद हात जोडून उभा होता. मान वर करेना. मी सगुणाला त्याच्या पुढ्यात उभी केली, दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लांबलचक करणार होतो, पण तेवढ्यात उतरती गाडी आली. त्या महिन्याच्या वृत्तांतात लिहिलं : समेट, एक.

तीन आठवड्यांनी दावीद आला. भर दुपारी, ड्युटीच्या कपड्यांत, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला. उंबऱ्यातच उभा राहिला.

“सगुणा हितं हाय का?”

मी नाही म्हणालो. तो खाली बसला. मग तुटक तुटक बोलला. पोटातलं पोर पडलं होतं. तीन महिन्यांचं. त्याच्या आदल्या दिवशी त्यानं तिला ढकललं होतं. रेल्वेच्या दवाखान्यात चार दिवस होती. घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी तो रुळावर गेला असताना ती निघून गेली. पाच दिवस झाले. पाथर्डीला माणूस पाठवला, तिथं नाही.

मला इतका संताप आला की मी त्याला वाटेल ते बोललो. शास्त्र काय सांगतं आणि तू काय केलंस, असं ओरडलो. तो ऐकत राहिला. मग सदऱ्याच्या आतून त्यानं कापडात गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. द्राक्षवेल, पारवे, सगळं स्वच्छ. धुराचा डागसुद्धा नव्हता.

“म्या लिवल्यापरमानंच वागलो, मास्तर. मुकादमाकडनं वाचून घेतलं व्हतं. सर्व गोष्टींत, आसं हाय त्यात. ती उलटं बोलायची. म्या म्हनायचो, सर्व गोष्टींत. मीठ कमी पडलं तरी म्हनायचो. तुमी म्हनला व्हता, तसा वाग.”

मी म्हणालो, “काय वाचून दाखवलं त्यानं तुला? आण इकडे.” त्याला लाजवायचं म्हणून मी पुस्तक उघडलं. कार्डावरचा आकडा बोटानं दाखवत पाचवा अध्याय काढला, चोवीस, आणि मोठ्यानं वाचायला लागलो. उपासनेत वाचतो तसा, खणखणीत. निम्मी ओवी वाचून झाल्यावर मला कळलं, मी काय वाचतोय.

आतल्या दाराशी सुलोचना उभी होती.

“छापताना चूक झालीय,” मी म्हणालो. “चार नव्हे. पाच हवा.”

“म्हंजी?”

“म्हणजे याच्या पुढची ओवी.”

त्यानं कार्डावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “मग पुढचीत काय हाय?”

मी पंचविसावी वाचली. या वेळी ओळीखाली बोट धरून. पुढच्या तीन-चार ओव्याही वाचल्या, नवऱ्यानं बायकोला स्वतःच्या शरीरासारखं जपावं, आपल्या देहाचा कुणी द्वेष करत नाही, त्याला खाऊ घालतो, जोपासतो, इथपर्यंत. शेवटी दावीदनं कार्ड पुन्हा कापडात गुंडाळलं.

“ह्ये मला ठावं नव्हतं,” तो म्हणाला. “चार डाव आला तुमी. ह्ये कंदीच बोलला न्हाई.”

सुलोचनानं त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला. तो चहा न पिता गेला.

आता चूक कळली की माणूस आधी दुसऱ्याची मान शोधतो. मी छापखान्यावर तोंड सोडलं, काकांच्या झिजलेल्या खिळ्यांवर सोडलं. नऊ वर्षं, म्हणालो, नऊ वर्षं एकाच्याही लक्षात कसं आलं नाही.

“माझ्या आलं होतं,” सुलोचना म्हणाली. “खिळा ठोकला त्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

ती दावीदचा कप उचलत होती. “मला वाटलं, तुम्ही मुद्दामच छापलंय.”

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. भांडणात मी कधी हरलो नाही. पण ती खरोखरच सांगत होती. तिला तसंच वाटलं होतं. नऊ वर्षं आमच्या घरात बोलणं माझं, गोष्टी माझ्या, गाडीची वेळ माझी. तिचं वाक्य पुरं होण्याआधी मला त्याचा अर्थ कळलेला असायचा. अशा माणसानं नवऱ्याच्या कार्डावर चोवीस छापलं, यात तिला चूक दिसावी तरी कशी?

पुढचे दोन महिने मी दौत आणि टाक घेऊन सायकलवर घरोघर फिरलो. चाराचा पाच करणं वाटतं तितकं सोपं नाही. वरचं एक शिंग मोडावं लागतं, खाली शेपूट ओढावं लागतं, आणि इतकं करून तो आकडा बसलेल्या बेडकासारखा दिसतो. कर्जतच्या एका इंजिन ड्रायव्हरची बायको म्हणाली, मास्तर, आमच्या ह्यांनी आकडा कधी बघितलाच नाही, तुमचं शास्त्र वाया गेलं ते बरंच झालं. खोपोलीत एकजण म्हणाला, सहा वर्षं बरं चाललंय, आता कशाला हात लावता. त्याच्या बायकोनं आतून स्टूल आणून भिंतीखाली ठेवलं आणि मी चढेपर्यंत धरून उभी राहिली.

खालापुरात नर्सबाईंचा नवरा होता, शाळामास्तर, साधा माणूस. मी टाक काढला तर म्हणाला, राहू द्या, मी पहिल्याच दिवशी पुढची ओवी वाचली. मी विचारलं, चूक कळली तर सांगितलं का नाही? तो म्हणाला, “चूक कुठं? मला वाटलं, पुढं वाचायची सवय लागावी म्हणून तुम्ही मुद्दाम तसं केलंय.”

मुद्दाम. दोघांनीही तेच म्हटलं. त्या परतीच्या वाटेवर मी सायकलवर बसलो नाही, हातात धरून चालत आलो.

शेवटचं कार्ड आमच्या घरातलं. मी टाक बुडवला तशी सुलोचना म्हणाली, “तो चार राहू द्या.” का, ते मी विचारलं नाही. टाक पुसून ठेवला.

दावीद दर महिन्याला पगार झाला की यायचा. “काई कळलं का?” विचारायचा. मी नगरला, जालन्याला, सोलापूरला, जिथं जिथं ओळखीचे उपदेशक होते तिथं पत्रं पाठवली. कुठूनही उत्तर आलं नाही. सुलोचना त्याच्यापुढं चहा ठेवायची, आणि तो असेपर्यंत आतून बाहेर यायची नाही. तिसऱ्या वर्षी त्याची बदली भुसावळकडे झाली. जाताना कार्ड घेऊन आला, पाच करून द्या म्हणाला. मी करून दिला. त्यानं तो जवळ धरून बघितला, वाळेपर्यंत फुंकर घातली. पुढं तिकडेच वारला असं कळलं. लग्न पुन्हा केलं नव्हतं.

त्या कार्डांचा उरलेला गठ्ठा मी चुलीत घातला. पाठ देणं चालू ठेवलं, नोकरीच होती ती. मात्र पतीची कर्तव्यं पहिल्या दिवशी घेऊ लागलो आणि गोष्टी कमी केल्या. लोक म्हणायचे, मास्तरांचं वय झालं, पूर्वीसारखी मजा राहिली नाही.

घरात काय बदललं, असं कुणी विचारेल. लाज वाटते, पण फारसं नाही. मी बोलायचं कमी केलं, तर घरात नुसतीच शांतता झाली. ऐकणं हे वेगळं काम आहे, ते गप्प बसण्यानं आपोआप येत नाही. मी कधीकधी तिला विचारायचो, काही म्हणायचंय का तुला? ती म्हणायची, आता कुठलं.

दोन वर्षांपूर्वी सुलोचना गेली. शेवटचे महिने अंथरुणात होती. मातीला बरीच माणसं आली. सगळं आटोपून माणसं पांगल्यावर एक बाई मागं राहिली. पन्नाशीकडे आलेली, जाडसर, पांढरी साडी. उजवं मनगट किंचित वाकडं. मी ते मनगट ओळखलं, मग चेहरा.

ती पुण्याला होती, इतकी सगळी वर्षं. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळत होती. त्या वसतिगृहात सुलोचनाची बहीण मेट्रन होती. मेव्हणीकडे आम्ही वर्षातून दोनदा जात असू. मी बाहेर पाहुण्यांच्या खोलीत गप्पा ठोकायचो. सुलोचना स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, बायकांच्या गप्पा. मी ज्या बाईसाठी गावोगाव पत्रं लिहीत होतो, तिच्या हातची आमटी मी कितीतरी वेळा ओरपली होती, मीठ अगदी बरोबर आहे म्हणून वाखाणलीही होती.

मी तिला विचारलं, त्या दिवशी स्टेशनावर खिडकीत बाई तुला काय म्हणाल्या?

सगुणा म्हणाली, “बाईंनी बहिनीचा पत्ता दिला भाकरीत घालून. म्हनल्या, पुन्हा निघशील तवा खाली येऊ नको. वरची गाडी धर. खाली आलीस तर आमचे हे तुला परत न्हेऊन घालतील.”

ती सांगत होती त्यात दोष देणं नव्हतं. जुना पत्ता सांगावा तसं सांगितलं. निघताना तिची नजर भिंतीवरच्या कार्डाकडे गेली. “आजून वाटता का ह्ये?” मी नाही म्हणालो. दावीदविषयी तिनं विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. एवढं तरी मला आता कळतं.

ती वर जाणाऱ्या गाडीनं गेली. पोचवायला मी स्टेशनावर गेलो. तिनं गाठोड्यातून भाकरी काढून माझ्या हातात ठेवली. घरी चूल पेटली नसेल, म्हणाली.

तर संपादकमहाराज, चांगल्या पतीविषयी शास्त्र काय शिकवतं ते वर आलेलं आहे. पाचवा अध्याय, पंचविसावी ओवी. आकडा मी तीनदा तपासला आहे. तरी माझ्यावर विसंबू नका आणि प्रूफ माझ्याकडे पाठवू नका. प्रूफ बघावं ते सुलोचनानंच. ती घरात होती तेव्हा माझ्या हाती प्रूफ आलं होतं, आणि ते मी तिला दाखवलं नाही.